गोळा कुठल्या कुशीवर झोपतो

गेल्या वर्षी, भाद्रपद संपायला चार-पाच दिवस उरले असताना, माझ्या सासूबाईंनी सकाळची कॉफी पिता पिता जाहीर केलं की या खेपेचा कोलू शेवटचा.

"शेवटचा मणजे शेवटचा. गुडघे चालत नाहीत. दसरा झाला की सगळ्या बाहुल्या अण्णा नगरच्या भाचीला देतें. तिचा हॉल मोठा आहे, तिला हौस आहे. तुला कुठं हौस आहे?"

शेवटचा टोला मला होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी साताऱ्याची. लग्न होऊन मैलापूरला आले तेव्हा कोलू हा शब्दही ऐकला नव्हता. सासरचे लोक तंजावरकडचे. पिढ्यान्‌पिढ्या तिकडंच राहिलेले, पण घरात अजून मराठी बोलतात. ते मराठी इतकं जुनं आणि वर त्याला असा तमिळ हेल, की पहिले सहा महिने मी नुसती मान डोलवायचे. आश्विनातल्या नवरात्रात हे लोक हॉलमध्ये लाकडी पायऱ्या लावतात, सात नाहीतर नऊ, आणि त्यावर घरातल्या सगळ्या बाहुल्या मांडतात. सगळ्यात वर कलश, त्याखाली देव, मग संत, मग माणसं, खालच्या दोन पायऱ्यांवर जनावरं आणि वाण्याचं दुकान. नऊ दिवस बायका बघायला येतात, समोर बसून एकेक गाणं म्हणतात आणि फोडणी दिलेल्या हरभऱ्याचं, म्हणजे सुंडलाचं, पुडकं घेऊन जातात. या सोहळ्यात माझ्या वाट्याला अठरा वर्षं हरभरे निवडणं आणि जुन्या धोतराच्या तुकड्यांत बाहुल्या गुंडाळणं एवढंच आलं होतं. आणि अठरा वर्षं मी ते कुरकुरतच केलं. आमच्याकडं घट बसवले की झालं, हा काय पसारा, असं मी किती वेळा बोलले असेन त्याला गणती नाही.

त्यामुळं त्या सकाळी मला हायसं वाटायला हवं होतं. झालं उलटंच. कारण एकच. खालून दुसऱ्या पायरीवर, वाण्याच्या शेजारी, मातीची एक बैलजोडी असते. माझी आई पहिल्यांदा चेन्नईला आली तेव्हा बिचारी बावरून गेली होती. एवढ्या मोठ्या घरी काय न्यावं म्हणून तिनं बेंदराची, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याची, बैलजोडी रुमालात बांधून आणली होती. सासूबाईंनी एक अक्षर न बोलता ती कोलूत मांडली आणि दर वर्षी मांडली. आई आता नाही. आणि सासूबाईंचा नियम असा की कोलू फोडायचा नाही, दिला तर अख्खा द्यायचा. म्हणजे आईचे बैल चालले अण्णा नगरला.

"नका ना देऊ" एवढंच म्हणायचं होतं. पण अठरा वर्षं नाकं मुरडल्यावर ते कुठल्या तोंडानं म्हणणार? मी कपबश्या उचलल्या आणि आत जाऊन नळ जोरात सोडला.

बाहुल्या मांडायला सासूबाईंना कोणीतरी हवं होतं. माझा नवरा गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात आहे. तो पहाटे जातो आणि दिवेलागणीनंतर येतो, आणि त्याचा कोलूशी संबंध फक्त सुंडलापुरता. राहिली मुलगी. ती अकरावीत, तमिळ आणि इंग्रजी भराभर बोलते आणि मराठी आमच्यावर उपकार केल्यासारखी. ती म्हणाली, "करते मदत. पण खालची जागा माझी. मला हवं ते मांडणार."

पायऱ्यांच्या समोर जमिनीवर थोडी जागा मोकळी ठेवतात. तिथं पोरं बाग करतात, तलाव करतात, कोणी मेट्रोचं स्टेशन करतं. सासूबाईंना वाटलं, नात बाग करणार. त्या खुशीत म्हणाल्या, "कर की. काय करतेस?"

"स्पेसमध्ये अणुबॉम्ब फुटला तर काय होतं ते."

सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. हे तुझ्याकडचं, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

आता हे खूळ तिच्या डोक्यात आलं कुठून तेही सांगते. श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटणार असलं की आमच्या बिल्डिंगमधली झाडून सगळी मंडळी गच्चीवर जमतात. उत्तरेकडं एक ठिणगी वर चढते, वळते आणि ढगात शिरते, आणि आवाज म्हणावा तर काही नाही. त्या महिन्यात असंच एक रॉकेट पाहून खाली उतरताना तिनं विचारलं होतं, "अम्मा, वर गेल्यावर काही फुटलं तर कसं दिसेल?" मी म्हटलं, "दिसेल दिवाळीसारखं," आणि कुकर लावायला पळाले. ती मात्र महिनाभर त्याच्यामागं लागली होती.

मी शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. त्यामुळं मला वाटलं, बॉम्ब ना, त्यात काय, आपणच करून टाकू आणि पोरीला चकित करू. दोन दिवस खपून मी कापसाचा एक झकास ढग केला. खाली जाड देठ, वर फुगीर टोपी, कडेनं हळदीच्या आणि कुंकवाच्या पाण्याचा हात. मागं उभी राहून पाहिलं तर माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. मुलगी क्लासहून आली, दप्तर न उतरवता बघत राहिली.

"हे काय? मश्रूम?"

"मग बॉम्बला काय फणस लागतो?"

"अम्मा, स्पेसमध्ये मश्रूम होतच नाही!"

"का नाही होत? सगळ्या फोटोत असतो."

"ते जमिनीवरचे फोटो. तूच सांग, मश्रूम का होतो?"

माझ्याच घरात माझीच तोंडी परीक्षा. मी म्हटलं, गरम हवा वर चढते, थंड हवा खालून आत शिरते, धूळमाती वर ओढली जाते, वर जाऊन पसरते. दर वर्षी मी हे चहाच्या पातेल्याचं उदाहरण देऊन शिकवते.

"बरोबर. आता वर हवा नाही, धूळ नाही. मग चढणार कोण?"

वर्गात एखादं पोर असं बोललं असतं तर त्याला मी पुढच्या बाकावर बसवलं असतं. इथं आपलंच पोर, आणि खरं बोलत होतं. राग आला तो तिचा नाही, त्या कापसाचा.

मग तिनं मला समजावलं आणि मी, खरं सांगते, तोंड उघडं टाकून ऐकलं. वर हवाच नसल्यामुळं धक्का बसत नाही, वारा सुटत नाही, आवाज होत नाही. नुसता लख्ख उजेड. बॉम्बचं जे काय उरतं ते चारी दिशांना सारखं पसरत जातं, म्हणून आकार गोळ्याचा, छत्रीचा नाही. बहुतेक सगळी शक्ती डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून निघून जाते. पृथ्वीजवळ फुटला तर विजेचे बारीक कण पृथ्वीच्या चुंबकाच्या रेषा धरून गिरक्या घेत दोन्ही टोकांना जातात, आणि तिथं आभाळात लाल-हिरवे पडदे झळकतात. काही कण तर पृथ्वीभोवती महिनोन् महिने, वर्ष-वर्ष अडकून राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या उपग्रहांना बिघडवतात. "हे कोणी पाहिलंय का?" मी विचारलं. ती म्हणाली, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी प्रशांत महासागरावर चारशे किलोमीटर उंचीवर एक फोडला होता. चौदाशे किलोमीटरवरच्या हवाई बेटांवर लोक हॉटेलांच्या गच्च्यांवर खायला-प्यायला घेऊन बघायला बसले होते. आणि त्यांच्या रस्त्यांवरचे दिवे गेले.

"इतक्या लांबचे?"

"चेन्नईवर फुटला आणि तुझ्या साताऱ्यातले गेले, त्याच्याहून लांब."

"साताऱ्याचे दिवे बॉम्बशिवाय पण जातात," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्या सगळं ऐकत होत्या हे आम्हाला तोवर कळलं नव्हतं.

माझ्या कापसाच्या ढगाचं त्यांनी काय केलं? रुसून मी तो कपाटावर टाकला होता. दुसऱ्या दिवशी पाहते तर त्या मांडीवर घेऊन त्याच्या वाती वळत होत्या. "चांगला कापूस वाया काय मणून घालवायचा," म्हणाल्या. देठातला पांढरा कापूस समईला गेला, हळदीचा त्यांनी वेगळा ठेवला.

गोळ्यासाठी मुलीनं माळ्यावरचा एक जुना, दुधी काचेचा दिव्याचा गोल काढला. आत दिवा बसवला, वायर ओढली, बटण लावलं. खाली शाळेतला पृथ्वीचा गोल ठेवला. आणि मग पहिलं भांडण झालं, बॉम्ब कुठं टांगायचा यावरून. मुलीचं म्हणणं, बॉम्ब अंतराळातला, तो सगळ्यात उंच पाहिजे. पंख्याच्या हुकाला टांगू.

"देवाच्या डोक्यावर बॉम्ब?" सासूबाई ताडकन् म्हणाल्या. "कलशाच्या वर या घरात काही जाणार नाही."

"अज्जी, स्पेसमध्ये वर-खाली असं काही नसतंच."

"माझ्या हॉलमध्ये आहे."

गोळा खिडकीच्या गजाला तंगूसच्या दोऱ्यानं बांधून पृथ्वीवर हातभर टांगला, कलशाच्या चांगला खाली. मुलीचं तोंड जरा वेळ फुगलं, मग तीच म्हणाली, "चारशे किलोमीटर म्हणजे या पृथ्वीच्या गोलावर बोटभर पण नाही. खालीच बरोबर आहे." आणि तिनं तंगूस अजून आखडायच्या ऐवजी सैल केलं, गोळा पृथ्वीला जवळजवळ टेकला.

लाल-हिरव्या पडद्यांसाठी मी जिलेटिनचा कागद आणणार होते. सासूबाई उठल्या, भिंत धरत धरत आतल्या खोलीत गेल्या आणि एक जुनी कांजीवरम घेऊन आल्या. एका बाजूनं लाल दिसायची, कलली की हिरवी. तिचे काठ विरले होते. "हिचा पदर लाव. कागद काय लावतां," म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. ती साडी त्यांनी कशी जपली होती ते मला ठाऊक होतं. मी पदर कापला नाही, नुसता चुणून खिडकीला अडकवला. मुलीनं मागून टॉर्च धरला आणि आम्ही तिघी बघत राहिलो. फार सुंदर दिसत होतं ते.

दुसरं भांडण मोठं झालं. मुलीची कल्पना अशी की बटण दाबलं की गोळा लखकन् पेटेल आणि त्याच क्षणी पायऱ्यांवरच्या सगळ्या दिव्यांच्या माळा विझतील. हवाई बेटांवर विझले तसे. त्याशिवाय मजा काय?

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या रागावल्या असत्या तर बरं, पण त्या घाबरल्या. "नवरात्रात दिवा विझवायचा? मुद्दाम? शेवटच्या कोलूत?" त्यांनी नातीला जवळ बोलावलं. "नको ग, राजा. एवढं नको."

मुलगी पण हिरमुसली. ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि हळूहळू सांगायला लागली. मोडकं मराठी, मधेच तमिळ. "अज्जी, ऐक. बॉम्बचे किरण खालच्या हवेवर आदळतात, विजेचा एक जोराचा झटका निघतो. तो लांब लांब तारांत शिरतो. जिथं तार आहे, तिथंच शिरतो. म्हणून रस्त्याचे दिवे गेले, कशाचे काय गेले. तार नाही तिथं त्याला काही करता येत नाही."

सासूबाईंनी कोपऱ्यातल्या समईकडं पाहून विचारलं, "मणजे माझी समई?"

"समईला कुठं वायर आहे?"

"ती नाही जात?"

"काहीच होत नाही तिला. तेल आहे तोवर जळणार."

"बॉम्ब फुटला तरी?"

"स्पेसमध्ये फुटला तर."

सासूबाई खुर्चीत सावरून बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मला हसूच आलं. "मग विझव," त्या म्हणाल्या. "सगळ्या माळा विझव. ती समई उचलून पुढं आण, पायरीच्या बरोबर मधे. लोकांना दिसू दे."

तिथून पुढं कोलू त्यांचाच झाला. घटस्थापनेपासून बायका यायला लागल्या, आणि सासूबाईंनी नवा कायदा काढला. आधी बॉम्ब, मग गाणं, मग सुंडल. बॉम्बच्या वेळी कोणी तोंड उघडायचं नाही, कारण वर आवाज नसतो. मैलापूरच्या बायकांना कोलूसमोर गप्प बसवणं म्हणजे काय ते इथं राहिलेल्यालाच कळेल. एक बाई तर आलाप घेत घेतच आत आल्या, त्यांना सासूबाईंनी हात वर करून थांबवलं. पायरीवर आमची तंजावरची बाहुली आहे, मान डोलवणारी. तिच्याकडं बोट करून त्या सांगायच्या, "हिच्यावर लक्ष ठेवा. जमिनीवर बॉम्ब फुटला तर ही उडून जाईल. वर फुटला तर हिची मानसुद्धा हलायची नाही." मग बटण, लखकन् उजेड, अंधार, समई. आणि बाहुली ढिम्म. सगळ्या बायका श्वास रोखून बाहुलीच्या मानेकडं बघताहेत, हे दृश्य मी नऊ दिवस पाहिलं आणि मला एकदाही कंटाळा आला नाही.

सप्तमीच्या संध्याकाळी अण्णा नगरच्या वन्सं आल्या, म्हणजे सासूबाईंची ती भाची. बाई मनानं फार चांगली, आवाज तर असा गोड की काय सांगू. पण त्या दिवशी त्यांनी पर्समधून मापायची टेप काढली आणि माझं डोकं फिरलं. पायऱ्यांची लांबी, रुंदी, उंची. "माझ्या हॉलमध्ये खिडकीखाली बसतील, मावशी," त्या म्हणाल्या. मग एकेका बाहुलीला हात लावून बघत बघत त्या दुसऱ्या पायरीशी आल्या. एका बैलाचं शिंग मागं कधीतरी मोडलेलं, ते मीच चिकटवलं होतं. "हे जरा मागं ठेवावे लागतील," वन्सं म्हणाल्या. बोलण्यात वाईट काही नव्हतं. मी सुंडलाची कढई अशी आपटली की आतून दोन हरभरे उडाले.

"आधी बॉम्ब," सासूबाई म्हणाल्या.

मुलीनं बटण दाबलं. गोळा पेटला, माळा विझल्या, आणि लगेच कुठंतरी टप्प झालं. पंखा थांबला. फ्रिजची घरघर थांबली. स्वयंपाकघरातला दिवा गेला, बाथरूमचा गेला, गोळाही गेला. बाहेर सांज होऊन गेली होती. सबंध घरात एक समई तेवढी जळत होती.

"अम्मा, हे मी नाही केलं," मुलगी रडवेली होऊन कुजबुजली. "वायर कुठंतरी लागली."

अंधारात पहिल्यांदा बोलल्या त्या सासूबाई, आणि अशा थाटात, जणू हे सगळं त्यांनीच ठरवून केलं होतं. "बघितलंस? आवाज झाला? नाही. हिची मान हलली? नाही. तारेवरचं सगळं गेलं. ही नाही गेली." समईच्या उजेडात त्यांचं बोट दिसत होतं. "त्या वाती पण बघ. ह्या सूनबाईनं केलेल्या ढगातल्या आहेत. चुकीचा ढग केला होता तिनं. वर असा ढग होतच नाही."

वन्सं म्हणाल्या, "मावशी, पायऱ्या बसतील माझ्याकडं. पण हे सांगायला कोण येणार?"

"मज काय विचारतेस?"

आणि मी बोलले. उजेड असता तर माझ्याच्यानं झालं नसतं.

"नाही द्यायच्या."

"काय?" सासूबाई म्हणाल्या.

"बाहुल्या. अहो आई, नाही द्यायच्या. एकपण नाही. वन्सं, तुम्ही रागावू नका, पण नाही."

"तुला कुठं हौस आहे?"

"नाहीच आहे हौस! हरभरे निवडायचा मला कंटाळा आहे. बाहुल्या गुंडाळताना माझी पाठ मोडते. पुढच्या वर्षी पण मी कुरकुर करणार, आत्ताच सांगून ठेवते. तरी नाही द्यायच्या. माझ्या आईचे बैल आहेत त्यात, आणि ते तुम्ही मांडलेत, दर वर्षी, मी न सांगता." पुढं मला बोलता येईना. रागानं का कशानं, डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. अंधार होता म्हणून पुसायची घाई केली नाही.

सासूबाईंनी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. "आधी जाऊन तो फ्यूज बघ," म्हणाल्या.

मी बाहेरच्या बोर्डावरचा खटका वर केला. पंखा फिरला, वन्संनी टेप पर्समध्ये ठेवली आणि एक अभंग म्हटला. इतका सुरेख म्हटला की माझा सगळा राग निवळला. जाताना त्यांनी माझा हात दाबला, सुंडलाची दोन पुडकी जास्त घेतली. पण सासूबाई? अष्टमी गेली, नवमी गेली, त्या विषयावर चकार शब्द नाही. रिकाम्या पेट्या माळ्यावरून खाली काढून ठेवल्या होत्या. त्या कुणाकडं जाणार आहेत ते विचारायची माझी छाती होईना.

दसऱ्याला संध्याकाळी आरती झाली की कोलू निजवतात. म्हणजे एकच बाहुली आडवी करायची, पुढच्या वर्षी ये म्हणून सांगायचं, की बाकीच्या सगळ्या निजल्या असं समजतात. ते काम घरच्या कर्त्या बाईचं. अठरा वर्षांत सासूबाईंच्या हाताखेरीज दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागला नव्हता. त्या नेहमी लाकडी नवरा-नवरीच्या जोडीतली नवरी निजवतात. मी धोतराचे तुकडे घेऊन नेहमीसारखी मागं उभी राहिले.

सासूबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. "इकडं ये," म्हणाल्या. "यंदा तूं निजव."

मी तुकडे खांद्यावर टाकून पुढं झाले. "कुणाला?"

"दर वर्षी एक नवी बाहुली यायला पाहिजे. यंदा नवी कोण आली?"

आम्ही तिघींनी पायऱ्यांवर पाहिलं. खरंच, यंदा बॉम्बच्या नादात नवी बाहुली आणायची राहूनच गेली होती. मग सासूबाईंनी खिडकीकडं बोट केलं.

मुलीनं तंगूस सोडलं, वायर काढली आणि तो दुधी गोळा माझ्या हातात दिला. मी त्याला पायरीवर ठेवायला गेले तर तो गडगडायला लागला. पकडला. दुसऱ्या बाजूनं ठेवून पाहिला. पुन्हा गडगडला.

"अहो आई, याला पाठ कुठली आणि पोट कुठलं? हा कुठल्या कुशीवर झोपणार?"

"सगळीकडून सारखाच आहे तो, अज्जी," मुलगी हसत म्हणाली. "स्पेसमधला आहे ना."

"स्पेसमधला असेल, आता घरी आलाय." सासूबाईंनी माझ्या खांद्यावरचा एक तुकडा ओढून घेतला, पीळ देऊन त्याची चुंबळ केली आणि पायरीवर, बरोबर बैलजोडीच्या शेजारी ठेवली. "ठेव यावर."

मी ठेवला. गोळा हलला नाही. त्यांनी खिडकीतली कांजीवरम मागून घेतली आणि तिचा पदर त्याच्यावर पांघरला. पांघरताना तो लाल दिसला, मग हिरवा. मग खाली वाकून, बाहुलीशी बोलावं तशा त्या बोलल्या.

"झोप आता. पुढच्या वर्षी ही उठवील तुला. उशिरा उठवील, ओरडत उठवील. पण उठवील."